मरण आठवत असतानाही मजेत जगता येतं का?

स्वल्पविराम (धागाकर्ती)

मंडळी, विषय जड आहे, पण मांडतेच. वय चाळिशीच्या पुढे. तब्येत ठणठणीत, घरात सगळं आलबेल. तरीही गेलं वर्ष-दीड वर्ष एक विचार पाठ सोडत नाही: मी मरणार. 'सगळेच मरतात' हे शाळेपासून माहीत होतं, त्याचं काही वाटत नसे. हे वेगळं आहे. मी, हे डोळे आणि हा आवाज असलेली ही बाई, एक दिवस नसणार.

नवल म्हणजे हा विचार वाईट दिवसांत येत नाही. कामाचा डोंगर असतो, भांडण झालेलं असतं, दाढ ठणकत असते, तेव्हा मरण आठवायला सवड नसते. येतो तो नेमका सगळं छान चाललेलं असताना. मुलं खिदळतायत, बाहेर छान वारा सुटलाय, आणि मध्येच कोणीतरी कानात सांगतं की हे संपणार आहे. पुढचा अर्धा तास मी तिथे असून नसल्यासारखी.

'कशात तरी मन गुंतव' हा सल्ला भरपूर मिळाला. गुंतवलं की बरं वाटतंच. पण मग आनंद म्हणजे केवळ विसर का? मरण विसरलं तरच मजा येणार असेल तर ती मजा कितपत खरी? ते लख्ख आठवत असताना कोणी मनापासून खूश राहतं का? राहत असाल तर कसे, ते लिहा. श्रद्धाळू मंडळींनीही जरूर लिहा, पण 'आत्मा अमर आहे' एवढ्यावर माझं भागत नाही हे आधीच सांगते.

फिरकी

पहिला! (प्रतिसादात. दुसऱ्या रांगेत मला अजिबात घाई नाही.)

तिरपागडे

सुख टोचतंय, बाकी काही नाही. ज्याला उद्याची भ्रांत आहे त्याला असले धागे सुचत नाहीत.

स्वल्पविराम

@तिरपागडे, सवडीचा मुद्दा मीच वर लिहिलाय. सवडीत आलं म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

मारवा

या प्रश्नावरचं सर्वांत चिवट उत्तर ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचं. इ.स.पू. ३४१ ते २७० हा त्याचा काळ. त्याचं म्हणणं असं: जे काही चांगलं-वाईट असतं ते जाणवण्यात असतं, आणि मरण म्हणजे जाणवणंच थांबणं. मग ते वाईट कोणाला असणार? आपण असतो तोवर मरण नसतं, ते आलं की आपण नसतो. दोघांची गाठच पडत नाही. त्याच पंथाचा रोमन कवी ल्युक्रेशियस आणखी पुढे जातो. जन्माआधी अनंत काळ आपण नव्हतो, त्याबद्दल कोणी गळा काढत नाही. मग नंतरच्या नसण्याबद्दल का काढायचा?

कॉलेजात असताना हे पहिल्यांदा वाचलं आणि खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आजही रात्री-अपरात्री तो विचार आला की मी हेच स्वतःला सांगतो. दहातल्या सहा वेळा झोप लागते.

अबोली

मारवा, मला ही शुद्ध वकिली वाटते. सिनेमाला उशिरा पोचलं काय आणि मध्यंतरानंतर बाहेर काढलं काय, दोन्हीकडे अर्धाच सिनेमा हाती लागतो. पण आरडाओरडा माणूस दुसऱ्या वेळीच करतो, कारण तोवर त्याचा जीव कथेत अडकलेला असतो.

आणि दुसरं. माझ्या मरणाशी माझी गाठ पडणार नाही, मान्य. पण आईच्या मरणाशी पडली ना. एपिक्युरसला त्याबद्दल काही म्हणायचंय का?

मारवा

सिनेमाचा मुद्दा बिनतोड आहे. तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७० मध्ये जवळपास हेच मांडलं: मरण वाईट ते त्यात काही सोसावं लागतं म्हणून नव्हे, पुढे जे मिळालं असतं ते हुकतं म्हणून.

दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्याकडेही नसावं.

ठोकताळा

अवांतर आहे, पण 'माणूस सगळं काही मरणाच्या भीतीपोटीच उभारतो' हे वाक्य आता कोणीतरी टाकणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. हा विचार लोकप्रिय केला मानववंशशास्त्रज्ञ अर्नेस्ट बेकर यांनी, १९७३ मधल्या पुस्तकात. धर्म, राष्ट्र, कीर्ती, वंश, सगळं म्हणे मरणावर पांघरूण घालायला. मार्च १९७४ मध्ये वयाच्या ४९व्या वर्षी ते स्वतःच कर्करोगाने गेले आणि मे महिन्यात त्याच पुस्तकाला पुलित्झर मिळालं.

ऐंशीच्या दशकात काही मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग सुरू केले. लोकांना स्वतःच्या मरणाबद्दल चार ओळी लिहायला लावायच्या आणि मग ते आपला गट, आपली मतं जास्त घट्ट धरतात का ते बघायचं. शेकडो प्रयोग 'हो' म्हणाले. पुढे बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून, भरपूर माणसं घेऊन, मुळातला एक गाजलेला प्रयोग पुन्हा केला ('मेनी लॅब्स ४', प्रसिद्धी २०२२), तर तो परिणाम जवळजवळ सापडलाच नाही. तेव्हा वाक्य भारी आहे, पण छातीठोकपणे फेकण्याइतका पुरावा नाही.

फिरकी

ठोकताळा, तुम्ही मरणाचाही पुरावा मागाल.

ठोकताळा

नाही, तिथे नमुना पुरेसा मोठा आहे.

रातराणी

उशिरा लिहितेय, रात्रपाळी होती. मी परिचारिका आहे, पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या) वॉर्डात. आमच्याकडे येणाऱ्यांच्या डोक्यात हा धागा चोवीस तास चालू असतो.

वर सगळी चर्चा 'नसण्या'ची चालली आहे. खाटेवरची माणसं त्याबद्दल फार कमी विचारतात. ती विचारतात: दम कोंडेल का? रात्री दुखायला लागलं तर कोणी येईल का? माझ्या अंगाला वास येतो का, खरं सांगा. माझ्या रजा काढता काढता मुलाची नोकरी जाईल का? यांना बँकेतलं ओ की ठो कळत नाही, यांचं कसं व्हायचं? यातल्या जवळपास प्रत्येक प्रश्नावर करण्यासारखं काहीतरी असतं. योग्य मात्रेतलं मॉर्फिन दुखण्यावर चालतं तसंच दम लागल्याच्या भावनेवरही चालतं. बँकेचं काम तर दोन बैठकांत होतं. म्हणून म्हणते, 'मरणाची भीती' असं मोघम नका म्हणू. नेमकी कशाची, ते स्वतःला विचारा.

शेवटाबद्दल थोडं स्पष्ट लिहिते, कारण न बघितलेल्याची धास्ती जास्त असते. शेवटच्या दिवसांत बहुतेक जण बराचसा वेळ झोपेतच असतात. श्वासाची लय बदलते. खोल, मग उथळ, मग मध्येच थांबतो, आणि पुन्हा सुरू होतो. तो थांबला की खाटेभोवतीचे सगळे आपापला श्वास धरून उभे. घशात घरघर होते, ती गिळता न आलेल्या लाळेची. ऐकणाऱ्यांच्या काळजाचं पाणी होतं, पण ज्याच्या घशात ती चाललेली असते त्याला बहुधा तिचा पत्ता नसतो. आमचं निम्मं काम नातेवाइकांना हे समजावण्याचं. उरलेलं निम्मं म्हणजे कूस बदलणं आणि ओठ कोरडे पडू न देणं.

आता मूळ प्रश्न. एक गृहस्थ होते, आयुष्यभर मुद्रितशोधन केलेले. आपल्याकडे साधारण किती वेळ उरलाय हे त्यांनी डॉक्टरांना थेट विचारून घेतलं होतं, म्हणजे विसर पडण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या खाटेवरून आमचा सूचनाफलक दिसायचा आणि त्यावर कोणीतरी 'आर्शिवाद' लिहिलेलं होतं. ते त्यांना सहन होईना. शेवटी चाकाच्या खुर्चीतून तिथवर नेलं, लाल पेन दिलं. हात थरथरत होता म्हणून मी मनगट धरलं. त्यांनी रफार 'शि'वरून उचलून 'वा'वर नेला, वेलांटी दीर्घ केली, समासात छापखान्यात करतात तशी खूण केली आणि असे हसले की बाजूच्या खाटेवरच्या आजी घाबरल्या. मग त्यांना रोज कागद लागायचा. भेटीच्या वेळांचा तक्ता, औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं, माझा रजेचा अर्ज. अर्जात इतक्या चुका निघाल्या की मी तो नव्याने लिहिला.

त्यांना मरणाचा विसर पडलाय असं मला एकदाही वाटलं नाही. ऱ्हस्व-दीर्घही तितकंच महत्त्वाचं होतं, बस्.

फिरकी

म्हणजे माणूस मरणाची तयारी झाली की शुद्धलेखन सुधारतो. या हिशोबाने या संस्थळावरचे बहुसंख्य सदस्य अमर आहेत.

नुसताच_वाचक

रातराणी यांच्या प्रतिसादाला +१००. वाचनखूण साठवली आहे.

तिरपागडे

मुद्रितशोधक आवडले. पण पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटी डॉक्टरांनी हात टेकलेल्यांचा वॉर्ड. तिथलं शहाणपण धडधाकट माणसाला काय कामाचं?

रातराणी

हात टेकल्यावर पाठवतात हीच तर रड आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचा. ज्यांना निदानानंतर लगेच, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस तुलनेने बरे गेले, खिन्नता कमी होती, आणि ते जगलेही जास्त. मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) काढला तर ११.६ महिने, दुसऱ्या गटाचा ८.९. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते, मिळते जेमतेम १४ टक्क्यांना. मला विचाराल तर एपिक्युरसपेक्षा ही टक्केवारी वाढवण्याने भीती जास्त कमी होईल.

धडधाकट माणसाच्या कामाचं एवढंच: आजचा कंटाळवाणा, काहीच न दुखणारा दिवस पुढच्या आठवड्यात परत मिळावा, एवढीच मागणी तिथे असते.

काजळरेघ

माझी लेक सहा वर्षांची. दिवा मालवल्यावर नेमका प्रश्न, "आई, तू मरशील?" मी म्हटलं, हो, पण बहुतेक खूप उशिरा. "मी पण?" हो, त्याच्याही नंतर पुष्कळ उशिरा. मग बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं आता भोकाड पसरणार. तर म्हणते, "मग तुझा मोबाईल मला?"

नंतर वाचलं की साधारण पाच ते सातच्या वयात मुलांना हळूहळू उमगतं की मेलेलं परत येत नाही, शरीराचं काम थांबतं आणि हे सगळ्यांनाच होणार असतं. तिची भीती काही गेलेली नाही. अधूनमधून विचारते, डोळ्यांत पाणीही येतं. आणि पुढच्या मिनिटाला गादीवर कोलांट्या मारते. कोलांटी मारायला ती भीती संपायची वाट बघत नाही. आपल्याला का जमत नाही हे?

उंबरठा

@काजळरेघ, मोठ्यांना जमत नाही कारण मोठे विचाराशी वाद घालत बसतात. मी समुपदेशक आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा १९८७ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे: पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. लोक घंट्या वाजवतच राहिले. वर, नंतर 'आता खुशाल करा विचार' म्हटल्यावर अशा दाबून ठेवणाऱ्यांना अस्वल इतरांपेक्षा जास्त आठवलं.

स्वल्पविराम, तुमचा अर्धा तास त्या विचारामुळे जातो की त्याला हाकलण्याच्या खटपटीत, हे एकदा तपासा. माझा अंदाज दुसरा. पुढच्या वेळी आला तर त्याला उत्तर देऊ नका, एपिक्युरसचंसुद्धा नाही. 'हो, संपणार आहे' एवढंच म्हणा आणि जिकडे बघत होतात तिकडेच बघत राहा. तो बसेल शेजारी. बसू दे.

आणि जे नुसतं वाचतायत त्यांच्यासाठी: या भीतीने झोप उडाली असेल, सारख्या तपासण्या करून घ्याव्याशा वाटत असतील, घराबाहेर पडणं टाळलं जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. यावर उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. छातीत धडधड, घाम, 'आता मी मरतो' अशी खात्री, असा पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत कळसाला जातो आणि मग उतरतो. पहिल्यांदाच झाला तर मात्र हृदय तपासून घ्यायचंच. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असली तरी अशी बेचैनी येते. आणि भीतीच्या उलट, मरून जावंसं वाटत असेल तर धागे वाचत बसू नका, आजच कोणाशी तरी बोला.

भिंगवाले

वय ७४. या धाग्यावरच्या रांगेत बहुधा मी सर्वांत पुढे. फिरकी, तुझ्यासाठी जागा धरून ठेवतो.

मी दुर्बिणीचे आरसे हाताने घासतो. निवृत्तीनंतर लागलेला नाद. काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड, आणि एकीवर दुसरी मागे-पुढे, मागे-पुढे, मध्येच थोडी फिरवून. पूड खरखरीत असते तोवर आवाज किरकिरा असतो. ती भरडून बारीक झाली की आवाज मऊ होतो, तेव्हा नवी पूड टाकायची. शेवटी राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइडने झिलई. पृष्ठभाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव भागाइतका नेमका लागतो, म्हणजे एका मिलिमीटरचे सात हजार भाग केले तर त्यातला एक. हे हाताने होतं यावर नवख्यांचा विश्वास बसत नाही. तपासायची युक्ती फूको यांची, एकोणिसाव्या शतकातली: एक बारीक दिवा, एक पातं आणि आरशावर उमटणारी सावली. त्या तपासणीत गंमत दिसते. काचेला अंगठा थोडा वेळ टेकवून काढला की त्या जागी चक्क टेंगूळ! अंगठ्याच्या उबेने काच तेवढी फुगलेली असते. बघता बघता ते बसतं. पाहुण्यांना मी हे हमखास दाखवतो. एकटा असलो तरी करतो.

आता मरणाचं. १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू बघितला. खरं सांगू का, फुसका निघाला. त्या फेरीला तो आणि पृथ्वी सूर्याच्या दोन विरुद्ध बाजूंना होते. चांगला दिसणार २०६१ मध्ये, तेव्हा मी ११० चा. आमच्या वाट्याला रटाळ प्रयोग, रंगलेला प्रयोग तुमच्या पोरांना. डिसेंबर २०२३ मध्ये तो नेपच्यूनच्या कक्षेपलीकडचं टोक गाठून परत फिरला, आणि त्या दिवशी मला विनाकारण आनंद झाला. विनाकारणच म्हणायचं, कारण माझा त्यात काडीचा फायदा नाही.

खुद्द हॅले यांनी तो १६८२ मध्ये, पंचविशीत बघितला. १७०५ मध्ये गणित छापून सांगितलं की १५३१, १६०७ आणि १६८२ चा धूमकेतू एकच आहे आणि तो १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल. १७४२ मध्ये ते गेले. १७५८ च्या २५ डिसेंबरला योहान पालिच नावाच्या शेतकऱ्याला, हौशी आकाशनिरीक्षकाला, तो दिसला. आपण बघायला नसणार हे हॅले यांना वजाबाकीतूनच कळलेलं असणार. तरी गणित केलं.

घासताना मला मरण आठवतं का? आठवतं अधूनमधून. हात चालू राहतात.

तिरपागडे

हॅले यांना फुकटचं थोर करू नका. नाव मिळालं की धूमकेतूला. ठोकताळ्यांनी मोडीत काढलेला बेकर इथे चपखल बसतो.

भिंगवाले

नाव मागाहून लोकांनी दिलं, अहो. तेव्हा ते ऐकायला नव्हते. माझ्या आरशांवर तर नावही नसतं, मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख असते. तीही पुसली जाते.

मारवा

काकांच्या आनंदाला 'विनाकारण' म्हणायला मी तयार नाही. सॅम्युएल शेफलर या तत्त्वज्ञांनी एक कल्पना मांडली आहे. समजा तुम्ही तुमचं आयुष्य पुरेपूर जगणार, पण तुमच्या मरणानंतर ३० दिवसांनी सगळं जग नष्ट होणार. तुमचं स्वतःचं काहीच कमी होत नाही. तरी आज हातातली कामं तितक्याच हौसेने कराल? संशोधन, शिकवणं, झाडं लावणं, यातलं बरंचसं एकदम फोल वाटू लागेल. म्हणजे आपण कितीही आप्पलपोटे असलो तरी आपल्याला अर्थ पुरवतात ती आपल्यामागे राहणारी माणसं. स्वतः संपण्यापेक्षा ती संपणं आपल्याला जास्त झोंबतं.

उनाड

इतका वेळ गप्प होतो. मला मूलबाळ नाही, शिष्य नाहीत, आरसे नाहीत. मागे राहील तर एक सायकल, तिचाही ब्रेक धड नाही. शेफलरांच्या हिशोबात माझं दुकान आधीच बंद.

अर्थाची आणि आनंदाची सांगड का घालताय सगळे? मी पहाटे पोहायला जातो. पाण्यात उतरताना पोटाला पहिला गारठा लागतो तेव्हा तोंडातून जे निघतं ते इथे संपादक ठेवणार नाहीत. त्या क्षणाला काडीचा अर्थ नाही. कोणाचं भलं होत नाही, त्यातून काही उरत नाही. जग ३० दिवसांनी बुडणार असेल तर मी २९ दिवस पोहेन. मरण आठवतं का? खोल बाजूला पाय टेकत नाहीत तेव्हा हमखास. म्हणून उथळ बाजूला मजा जास्त येते असं काही नाही. उलटच.

फिरकी

आणि समजा अमरच झालो तर? गृहकर्जाची मुदत बँक किती धरेल?

मारवा

तत्त्वज्ञ बर्नर्ड विल्यम्स यांचं १९७३ मधलं मत: अमर माणूस शेवटी कंटाळून जाईल, कारण ज्या इच्छांमुळे तो 'तो' आहे त्या कधीतरी संपतीलच.

उनाड

मला कंटाळून बघायला आवडेल. हजारेक वर्षांनी कळवतो.

पेशीभित्तिका

जीवशास्त्रातून थोडं. गर्भात हाताचा पंजा आधी सलग, चपटा असतो. मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात तेव्हा बोटं सुटी होतात. ही शिस्तशीर आत्महत्या, अ‍ॅपॉप्टोसिस, शरीरात जन्मभर चालू असते, आणि ती टाळायला शिकलेल्या पेशींतून कर्करोग उभा राहतो. आपण ज्या बोटांनी हे टंकतोय ती मरणानेच घडवली आहेत.

अबोली

माहिती छान. पण पेशींना आई नसते.

पेशीभित्तिका

हे खरं. दिलासा म्हणून लिहिलं नव्हतं.

स्वल्पविराम

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. रातराणीताईंनी सांगितलं म्हणून नेमकी कशाची भीती ते कागदावर लिहायला बसले. दम कोंडण्याची? असेल, पण ही ती नव्हे. मुलांचं कसं होईल? त्यांचा बाबा खंबीर आहे. बरंच खोडल्यावर जे उरलं ते लिहायला लाज वाटतेय. मला मत्सर वाटतो. मी नसताना ती अशीच खिदळतील, कुठल्यातरी विनोदावर, आणि तो मला कधीच कळणार नाही. त्यांनी हसावं असं मनापासून वाटतं, आणि मला वगळून हसू नये असंही वाटतं. मारवा, तुमच्या ३० दिवसांच्या प्रश्नाला माझी ही दोन्ही उत्तरं आहेत.

उंबरठा, तुमचं करून बघितलं. काल तो विचार आला तेव्हा 'हो, संपणार' म्हटलं आणि बघत राहिले. तो गेला नाही. धाकट्याचा पुढचा दात पडलाय, जोरात हसला की फटीतून शिट्टी वाजते. ती शिट्टी ऐकू येत होती आणि तो विचारही होता, दोन्ही एकदम. मजा निर्भेळ होती का? नाही. पण अर्धा तास गेला नाही, आणि मोठीने केलेली नक्कल मला पूर्ण दिसली. नाहीतर अशा गोष्टी मला नंतर सांगाव्या लागतात.

तेव्हा सध्या तरी माझं म्हणणं असं की आठवत असताना मजा येते, फक्त चव वेगळी लागते. उनाड म्हणतात तशी जास्त चांगली लागते का, ते अजून कळलेलं नाही.

अबोली

मत्सराची लाज कसली हो? आई गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले तेव्हा मला फार अपराधी वाटलं होतं. तुमचं वाचून आज तिच्या बाजूने बघितलं. तिला मत्सर वाटला असता का? नक्की वाटला असता! गप्पांच्या बाबतीत ती भयंकर हावरट होती. दाराशी उभी राहून "मला सोडून काय दात काढताय" म्हणाली असती, आणि मग ते सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं असतं. एवढं मोठं आख्यान लिहायचं नव्हतं, पण तिचा तो आवाज बऱ्याच दिवसांनी नीट ऐकू आला.

रातराणी

@अबोली :)

@स्वल्पविराम, तो कागद फाडू नका. घरातल्यांना दाखवा कधीतरी. वॉर्डात हे बोलणं फार उशिरा होतं आणि तेव्हा बोलणाऱ्याला धाप लागलेली असते.

फिरकी

वातावरण हाताबाहेर चाललंय, म्हणून ठराव मांडतो. हॅले-दर्शन संमेलन, दि. २८ जुलै २०६१. येणाऱ्यांनी +१ द्यावा. सोबत आणायच्या वस्तू: चष्मा, काठी, दात (असल्यास).

ठोकताळा

+१. तेव्हा मी ८१. हजर असण्याची शक्यता काढून ठेवतो.

उनाड

+१. सायकलवर येईन. ब्रेकचं तोवर बघू.

काजळरेघ

लेकीला विचारलं. येते म्हणाली, पण मोबाईल तोवर ताब्यात मिळालेला असला पाहिजे अशी अट आहे.

भिंगवाले

२८ जुलै ही तो सूर्याच्या सर्वांत जवळ असण्याची तारीख. बघायला मागचे-पुढचे दिवस धरा, एकाच दिवसावर अडून बसलात तर फसाल. दुर्बीण माझी न्या, त्याला भाडं नाही. आरशाला बोट लावायचं नाही. धूळ दिसली तर रुमाल काढायचा नाही, राहू द्यायची. धुळीने काही बिघडत नाही, पुसण्याने बिघडतं.

तिरपागडे

ढग असतील.

फिरकी

तिरपागडे +१ धरतोय.